आईला आधी मागच्या सीटवर बसवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर कोथरूडला, ऑफिस बाणेरला, महिन्यातून एकदा कऱ्हाडला गावी फेरी. घरात पाच माणसं, त्यांत गुडघे धरलेली आई आणि चार वर्षांची मुलगी. समोर आलीय २०२० ची ह्युंदाई क्रेटा, डिझेल, ऑटोमॅटिक, एसएक्स व्हेरियंट, मीटरवर ६८ हजार किलोमीटर. विकणारा दुसरा मालक आहे आणि ११ लाख २५ हजार सांगतोय. घ्यावी का?

फोटो बघून "बिनधास्त घ्या" म्हणणारे पुष्कळ भेटतील. माझी चोवीस वर्षं गॅरेजमध्ये गेली, त्यातली शेवटची नऊ फक्त लोकांसाठी जुन्या गाड्या तपासण्यात, आणि फोटोवरून मला एकच कळतं, गाडी धुतलेली आहे. तेव्हा हो किंवा नाही असं उत्तर देत नाही. कशी बघायची ते सांगतो. तुमच्या बाबतीत काही गोष्टी गाडी न बघताही बोलता येतात, त्या आधी.

डिझेल कशासाठी घेताय? रोजचे जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, महिन्याला कऱ्हाडची फेरी सव्वातीनशे. वर्षाचे झाले आठ हजार. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० धरा, शहरातलं मायलेज पेट्रोलला १३ आणि डिझेलला १६ धरा. किलोमीटरमागे दोन-अडीच रुपये वाचतील, म्हणजे वर्षाला एकोणीस-वीस हजार. तेवढ्यासाठी डिझेलचं लफडं गळ्यात घ्यायचं का, हे तुम्ही ठरवा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या, प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जाळायला गाडी वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत, ६० च्या पुढे पळावी लागते. कोथरूड ते बाणेर ते होत नाही. इंजिन गरम होतंय तोवर ऑफिस येतं. महिन्यातली कऱ्हाडची एक फेरी ही जाळी साफ ठेवायला पुरेलही कदाचित, पण आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली ते बघा. तोही शहरातच फिरवत असेल तर अर्धी भरलेली जाळी तुमच्या पदरात येणार. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावून काजळीचं प्रमाण बघता येतं. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर पुढचं बोलणंच नको.

पेट्रोल घेतलीत तर एक लक्षात असू द्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्याला चालणारे रबर-प्लास्टिकचे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांना बसवलेले असतात. त्याआधीच्या गाडीत इंधनाच्या नळ्या आणि सील बघून घ्या. मायलेजही थोडं कमी पडतं.

आता आईचा विषय. इथे माझीच एक चूक सांगतो. सहा वर्षांपूर्वी मेव्हण्यासाठी एक एसयूव्ही बघितली. इंजिन घड्याळासारखं, पत्रा कोरा, एका हातातली गाडी. मी चालवली, मेव्हण्याने चालवली, दोघंही खूश. पैसे दिले, पेढे वाटले. पहिल्या रविवारी सासूबाई बसायला गेल्या तर पाय वर जाईना. दाराची चौकट खाली रुंद होती, चाकाची कमान दारात घुसलेली, आणि सीट त्यांच्या कमरेच्या वर. एक हात दाराला, एक हात जावयाच्या खांद्याला, असं करून चढल्या. उतरताना साडी त्या रुंद चौकटीला घासून चिखलाने भरली. त्यानंतर त्या प्रत्येक वेळी "मी रिक्षाने येते" म्हणायच्या. अकरा महिन्यांत गाडी विकली, लाखभर रुपये गेले. गाडीत दोष शून्य होता. दोष माझा, मी मागच्या सीटवर कोणालाच बसवलं नव्हतं.

म्हणून आईला घेऊन जा. दार पूर्ण उघडून त्यांना आपापलं बसू द्या, हात देऊ नका. सीटची उंची त्यांच्या कमरेइतकी किंवा किंचित खाली असेल तर त्या टेकून आत सरकतील. बसल्यावर मांडीखाली हात घालून बघा. गुडघ्यापासून चार बोटांपेक्षा जास्त मांडी अधांतरी राहत असेल, तर सातारा येईपर्यंत पाय भरून येतील. मागे तिघं बसवा, कारण तुम्ही पाच जण आहात आणि मुलीची सीट लावली की मधल्या माणसाला किती जागा उरते ते कागदावर कळत नाही. मधली पाठ बहुतेक गाड्यांत कडक असते, आर्मरेस्टचं झाकण मणक्याला लागतं.

मग गाडी चालवा, पण मालकाच्या सोसायटीला एक चक्कर मारून परत नको. कोथरूडहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुटचा घाट, आणि परत. तासभर तरी. जाताना तुम्ही मागे बसा आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. स्पीडब्रेकर सरळ न घेता तिरका घ्यायला सांगा, म्हणजे एकेक चाक वेगळं चढेल. तेव्हा पुढून 'टक' आला तर लिंक रॉड किंवा बुश, तो खर्च किरकोळ. 'धप्प' असा जड आवाज आला आणि गाडी नंतरही दोनदा डुलली तर शॉकअप गेलेत. क्रेटा, सेल्टॉस, हॅरियर या सगळ्यांना मागे ट्विस्ट बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या बीमने जोडलेली. त्यामुळे एका बाजूचा खड्डा दुसऱ्या बाजूलाही थोडा जाणवतो. तो गाडीचा स्वभाव आहे, बिघाड समजू नका. एक्सयूव्ही ७०० ला मागची चाकं स्वतंत्र आहेत, फरक मागे बसल्यावर कळतो. पण ती तुमच्या बजेटच्या बाहेर, आणि कोथरूडच्या गल्लीत लावायला मोठी. चकचकीत मोठी चाकं हा आणखी एक मोह. चाक मोठं म्हणजे टायरची भिंत बारीक, आणि खड्डा थेट कमरेत.

ऑटोमॅटिकबद्दल. क्रेटाच्या या डिझेलला टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारा, सहा गियरचा बॉक्स आहे, घाटातल्या रांगेसाठी मला तोच आवडतो. याच पिढीच्या टर्बो पेट्रोलला ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा बॉक्स येतो. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असलेल्या माणसाच्या हाती तो लवकर तापतो. तुमच्या गाडीत एवढं करा. इंजिन गरम झाल्यावर सपाट रस्त्यावर, ब्रेक दाबून, डी वरून आर आणि परत डी. प्रत्येक वेळी सेकंदाच्या आत हलकी ओढ जाणवली पाहिजे. दोन सेकंद काहीच नाही आणि मग धक्का, असं झालं तर नमस्कार करून निघा. गियरबॉक्सचं तेल कधी बदललं ते विचारा. "ते बदलावं लागत नाही" हे उत्तर सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय, आणि त्याच गाड्या नंतर आमच्याकडे आल्यात.

सुरक्षिततेवर मात्र जरा जास्त बोलतो, कारण इथे लोक तारे बघून फसतात. गाड्या आपटून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये याच पिढीच्या क्रेटाला मोठ्यांसाठी पाचपैकी तीन तारे दिले होते आणि बॉडीशेल, म्हणजे गाडीचा सांगाडा, अस्थिर ठरवलं होतं. आधी २०२० मध्ये सेल्टॉसचं तेच झालं. याउलट स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुनला ऑक्टोबर २०२२ मध्ये, तेही आधीपेक्षा कडक नियमांनी, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाच-पाच तारे मिळाले. हॅरियरचे पाच तारे ऑक्टोबर २०२३ चे आहेत आणि ते चेहरामोहरा बदलून आलेल्या नव्या हॅरियरचे. ते तारे दाखवून कोणी २०१९ ची हॅरियर विकत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. कोणत्या वर्षाची, कोणत्या व्हेरियंटची गाडी आपटली होती हे न बघता तारे मोजण्यात अर्थ नाही.

तुमच्या एसएक्समध्ये दोनच एअरबॅग आहेत. २०२० मध्ये सहा एअरबॅग फक्त एसएक्स (ओ) ला होत्या. क्रेटाला सरसकट सहा एअरबॅग आल्या त्या २०२३ पासून. विकणारा "टॉप मॉडेल आहे" म्हणेल. तुम्ही पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला आणि दारांमधल्या खांबावर, वर छताजवळ, 'एअरबॅग' असं कोरलेलं शोधा. नसेल तर तिथे एअरबॅग नाही, मालक काहीही म्हणो. मुलीच्या सीटसाठी मागच्या गादीच्या फटीत हात घालून आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या चाचपून बघा. आणि मागच्या मधल्या जागेला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे की नुसता पोटावरचा, तेही बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं होतं. ती गाडी कितीतरी महाग होती.

किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझणं वाईट, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो लागलाच नाही तर त्याहून वाईट. उघडलेल्या एअरबॅगच्या जागी नुसतं झाकण लावून दिव्याची वायर कापलेल्या गाड्या मी हातांनी उघडल्या आहेत.

आता पत्रा. माझ्याकडे रंगाची जाडी मोजणारं मीटर आहे, तुम्ही भाड्याने आणा किंवा ज्याच्याकडे आहे त्याला पाचशे-हजार देऊन न्या. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. मागच्या महिन्यात एका गाडीवर असं फिरत होतो: बोनेट ११८, पुढचं डावं दार १२४, छत १११, उजवं पुढचं दार १२१, आणि उजवं मागचं दार ६४०. मालक घामाघूम. मी म्हटलं, अहो, दाराला लांबी (पुट्टी) भरलीय, रिक्षाने घासलं असेल, त्यात काय एवढं. दार, बोनेट, पुढचा फेंडर हे बोल्टने लावलेले असतात, बदलले तरी गाडीची ताकद जात नाही. पण त्या दारामागचा पत्रा, जिथे पेट्रोलचं झाकण असतं त्या बाजूचा, तोही पाचशेच्या वर दाखवायला लागला तेव्हा मी खाली बसलो. दाराचं रबर ओढून काढलं. त्याखाली कंपनीचे वेल्डिंगचे टिपके सारख्या अंतरावर गोल, नाण्याने दाबल्यासारखे असतात. तिथे टिपके नव्हते, सलग ओबडधोबड शिवण होती आणि वर ब्रशने ओढलेला रंग. मागून मोठी धडक, पत्रा कापून नवीन जोडलेला. गाडी सरळ चालत होती, एसी गार होता, म्युझिक सिस्टीम छान होती. पुढच्या धडकेत ती कशी चुरगळेल ते कोणीच सांगू शकलं नसतं. तुम्ही मीटर नसताना निदान रबर ओढून टिपके बघा, आणि बोनेटच्या बिजागरीचे, फेंडरचे बोल्ट बघा. पाना लागला की बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग उडतो.

पुराची गाडी हा आपल्याकडचा खास प्रकार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण, तेव्हा बुडालेल्या किती गाड्या धुऊन-पुसून कुठे कुठे गेल्या देव जाणे. त्या गाड्या नंबरप्लेटवरून ओळखू येतीलच असं नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात येतो तो भाग धुतलेला असतो, पण रिळाजवळच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या डागासारखी आडवी रेघ दिसते. स्टेपनी उचलून जॅकच्या कप्प्यात बोट फिरवा. साधी धूळ खरखरीत लागते, पुराचा गाळ पिठासारखा मऊ. आता उलटी बाजूही सांगतो, सनरूफच्या पन्हाळी तुंबल्या तरी गालिचा ओला होतो. एकट्या ओल्या गालिच्यावरून पूर आला असं ठरवू नका.

६८ हजार खरे की मागे फिरवलेले? स्टेअरिंगचं चामडं, ब्रेकच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, या तिन्हींचं वय मीटरशी जुळलं पाहिजे. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०२० च्या गाडीला २०२० चेच टायर आणि ६८ हजार किलोमीटर असतील तर ते आता बदलायलाच आलेत, चाळीसेक हजार किमतीतून वजा. स्कॅनरवर आणखी एक गोष्ट बघायची, 'कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर'. तिथे ११ किलोमीटर दिसले, तर तुम्ही येणार म्हणून काल रात्री सगळे दोष पुसलेत. शंभर किलोमीटर चालवू द्या आणि परत लावा.

आणि हो, विम्याचे मागच्या तीन वर्षांचे कागद मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा दरवर्षी चढतो. मालक म्हणतो "एक ओरखडा नाही" आणि नूतनीकरणाच्या पॉलिसीत बोनस शून्यावर आलेला दिसला, तर त्याच्या आदल्या वर्षी क्लेम झाला असण्याची दाट शक्यता आहे. कशाचा ते विचारा आणि चेहरा बघा. तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, म्हणून पुढचा विमा थोडा महाग पडेल हे धरून चाला.

किमतीचं. २२ सप्टेंबर २०२५ ला नव्या गाड्यांचा जीएसटी बदलला. क्रेटासारख्या गाडीवर आधी उपकरासह ४५ टक्के होता, आता ४० आहे. हॅरियरवर ५० होता, तोही ४०. चार मीटरच्या आतल्या छोट्या एसयूव्ही तर २९-३१ वरून १८ वर आल्या. नवीन स्वस्त झाली की जुनीही उतरायलाच हवी, पण विकणाऱ्याच्या डोक्यात अजून जुना भाव असतो. आणि तुमच्या ११ लाखांच्या आसपास नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ, कायलॅक या कोऱ्या गाड्या मिळतात, सगळ्यांना सहा एअरबॅग, सगळ्यांना आपल्याकडच्या भारत एनकॅप चाचणीचे पाच तारे. लांबी कमी आहे, मागे तिघं कसे बसतात ते बघावं लागेल. तरी आईला एकदा त्यांतही बसवून बघा. माझं मत विचाराल तर तुमच्या वापराला एक तर ही कोरी छोटी, नाही तर २०२१-२२ ची पेट्रोल कुशाक किंवा टायगुन जास्त बसते. क्रेटाच हवी असेल तर एसएक्स (ओ) शोधा. आणि हीच घ्यायची म्हणालात, वरचं सगळं नीट निघालं, तर तिसरा मालक तुम्ही होणार आणि टायर तुम्ही घालणार, हे दोन्ही धरून दहाच्या वर मी एक रुपया बोलणार नाही.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात. थकलेली ई-चलनं ऑनलाइन दिसतात, ती विकणाऱ्याने भरायची. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी बघितलीत तर तिला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का ते बघा. दिल्लीकडची गाडी दोन लाखांनी स्वस्त मिळतेय असं कोणी सांगेल. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असते, म्हणून त्या स्वस्तात निघतात. इथे आणून महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरलात की ते दोन लाख कुठे गेले कळत नाही.

शनिवारी जायचं म्हणालात ना? सकाळी लवकर जा. मालकाला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन पहिल्या किल्लीला कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा, पहिल्या दहा सेकंदांत इंजिनातल्या चेनचा खडखडाट येतो का, हे त्या एका वेळीच कळतं. पोहोचल्यावर नमस्कार-चमत्कार चालू असतानाच बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागून घ्या.